थंड गाडीतलं ऊन

१

"गाडीत असा काही गारवा होता की चालकाला मे महिन्यात स्वेटरची आठवण यावी!" ही ओळ रविवारच्या 'विदर्भ वेध'मध्ये छापून आली, तेव्हा त्या चालकाला जाऊन आठवडा होत आला होता. तो उन्हानं मेला होता.

मी आपण होऊन ही ओळ वाचली नसती. गाड्यांची तुलना करणारी पानं मी वाचत नाही. माझं आयुष्य विमा कंपन्यांसाठी ठोकलेल्या गाड्या तपासण्यात गेलं. नव्या गाडीबद्दल कोण काय लिहितो यापेक्षा ती आपटल्यावर आतला माणूस कसा बाहेर निघाला हे मला जास्त ठाऊक असतं. पण त्या दिवशी दुपारी अपेक्षा ते पान घेऊन माझ्या दारात उभी राहिली. अपेक्षा म्हणजे बंटी मेश्रामची बायको. बंटी आमच्या मागच्या वस्तीत राहायचा. बरीच वर्षं त्यानं लोकांच्या भाड्याच्या गाड्या चालवल्या, आणि अलीकडं यवतमाळच्या 'झेप' शोरूममध्ये ड्रायव्हर म्हणून चिकटला होता.

'झेप' ही विजेवर चालणारी गाडी. 'तरंग' ही तिची सवत. दोघींपैकी सरस कोण हे ठरवायला 'वेध'नं एक चाचणी घेतली. दोन्ही गाड्या पूर्ण चार्ज करून एकाच सकाळी यवतमाळहून निघाल्या. पांढरकवडा, मारेगाव, परत यवतमाळ, तिथून दारव्हा आणि पुन्हा यवतमाळ असा रस्ता. दोन्हीत फक्त चालक, आणि दोन्हीत एसी चालू, असा नियम छापलेला होता. झेप हसतखेळत पोचली. तरंग दारव्ह्याहून येताना यवतमाळच्या अलीकडं बसली ती उठेचना, शेवटी बैलजोडी लावून ओढावी लागली. तो व्हिडिओ जिल्ह्यातल्या प्रत्येक फोनवर फिरला. पुढं बैल, मागं ती लाखांची गाडी, आणि गाडीमागं पिशव्या-गाठोडी घेतलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसत चाललेल्या.

झेप चालवत होता बंटी. त्या संध्याकाळी तो रिक्षातून घरी आला तो बरळत आला. अंग तव्यासारखं तापलेलं. पहाटे सरकारी दवाखान्यात संपला. डॉक्टरांनी ऊन लागलं म्हणून सांगितलं. शोरूमनं पेपरवाल्यांना सांगितलं, की दिवसभर एसीत बसलेल्या माणसाला ऊन लागत नसतं, प्यायला असेल. पेपरात छापून आलं ते शोरूमचं. चिरफाड नको म्हणून घरच्यांनीच हात जोडले होते, त्यामुळं आता खरंखोटं करायलाही काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या कोणाच्या बायकोनं हे गिळलं असतं. अपेक्षा वस्तीतल्या दारूबंदीच्या बायांची पुढारी. तिनं दोन गुत्ते बंद पाडले होते, गुत्तेवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. बंटीच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला त्याच बाया आल्या नाहीत.

"काका, त्यानं जिंदगीत थेंब घेतला नाही," ती म्हणाली. "पण मी कोणाले सांगू? ज्या माह्या मांगं मोर्च्यात चालत होत्या, त्याच म्हणून राह्यल्या, पहिले आपलं घर पाह्य. माह्या पोरीले उद्या दारुड्याची पोरगी म्हणतीन. मले बाकी काही नाही पाह्यजे. थंड गाडीत बसलेला माणूस उन्हानं कसा मेला, तेवढं सांगा."

मी चष्मा पुसला. उत्तर मला सोपं वाटलं होतं. तिथंच माझं चुकलं.

२

झेपच्या शोरूममध्ये शिरलं की हाडं गारठतात. सुरभी नावाची व्यवस्थापक मुलगी माझ्याशी फार नम्रपणे बोलली. शिकलेली, नीटनेटकी, 'सर' म्हटल्याशिवाय वाक्य न संपवणारी. तिला बंटीचं वाईट वाटत होतं, असं तिनं दोनदा सांगितलं.

चाचणी संपली तेव्हा काय झालं, ते मी तिला विचारलं. ती म्हणाली, बंटी गाडीतून उतरला तोच झोकांड्या खात. भलत्याच माणसाला हाका मारत होता, हार घालायला गेले तर हारच ओढू लागला. सगळे हसले. तिनं रिक्षा बोलावली आणि त्याला घरी जाऊन झोपायला सांगितलं.

"तोंडाला वास येत होता?"

"मी जवळ गेले नाही सर."

मग वास कोणाला आला, या प्रश्नावर तिनं बराच विचार केला. कोणालाच आला नव्हता. पण तिच्याकडं दुसरी माहिती होती. पांढरकवड्याजवळच्या ढाब्यावर बंटी आणि तरंगचा ड्रायव्हर प्रेमसिंग दोघं बराच वेळ बसलेले लोकांनी पाहिले होते. झेप हरावी असं कोणाला वाटत होतं, ते सरांनीच ओळखावं. गरीब पडला की श्रीमंतानं दुसऱ्या गरिबाकडं बोट दाखवायचं, ही रीत मी प्रत्येक अपघातात पाहिली आहे.

भिंतीवर शेवटच्या क्षणाचा मोठा फोटो लावला होता. हार घातलेली झेप, शेजारी सुरभी, आणि 'वेध'साठी गाड्यांवर लिहिणारा नागपूरचा इंद्रजित. बंटीला फोटोतून कापलं होतं, पण गाडीला कापता आलं नव्हतं. चालकाच्या बाजूच्या आरशाला बाहेरून एक छागल लटकत होती.

आजकालच्या पोरांना छागल ठाऊक नसेल. जाड कापडाची पाण्याची पिशवी. गाडीला बाहेरून टांगायची, वारा लागला की पाझरणाऱ्या ओलीनं आतलं पाणी गार होतं. विदर्भातला जुना ड्रायव्हर उन्हाळ्यात तिच्याशिवाय रस्त्याला लागत नाही. पण तिच्यातलं पाणी प्यायचं तर काच खाली पाहिजे. काच वर करून एसीत बसलेल्या माणसानं बाहेर छागल कशाला टांगावी?

मी सुरभीला सरळ म्हणालो, की एसी बंद होता. चार्ज वाचावा म्हणून तुम्ही तो बंद ठेवायला लावला आणि माणूस भाजला.

तिचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. तिनं फक्त समोरच्या मोठ्या पडद्यावर 'वेध'चा व्हिडिओ लावला. झेपचा आतला भाग दिसला. पुढच्या काचेतून रस्ता पळत होता, खाली पट्टी होती 'दारव्हा सोडताना', आणि एसीचं निळं चिन्ह लखलखीत पेटलेलं होतं. पंखा शेवटच्या आकड्यावर.

"छागल ही त्याची सवय होती सर," सुरभी म्हणाली. "एसी चालूच होता. तुम्हीच बघा."

३

घरी येऊन मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. डोळ्यांनी दिसतंय ते खोटं म्हणायचं तर त्याला आधार लागतो, आणि माझ्याकडं होती एक पाण्याची पिशवी.

व्हिडिओ चकचकीत होता. मूळ आवाज काढून वर वाजंत्री बसवलेली. एकदा तरंगच्या डॅशबोर्डचं चित्र, एकदा झेपच्या. एक गोष्ट मला खटकली. झेपचा उरलेला चार्ज एका चित्रात दिसायचा आणि एसीचं चिन्ह दुसऱ्या चित्रात. दोन्ही एकत्र कुठंच नव्हती. पण चित्रं कापूनच जोडतात, त्यावरून कोणाला फाशी देता येत नाही.

मग माझं लक्ष तरंगच्या डॅशबोर्डवर गेलं. कोपऱ्यात एक बारीक लाल चिन्ह होतं. ते पेटायचं, काही वेळ पेटलेलं राहायचं, विझायचं, पुन्हा पेटायचं. प्रेक्षकांपैकी कोणी त्याच्याकडं पाहिलं नसेल. मी ओळखलं, कारण अपघातानंतर मागच्या माणसांनी पट्टा लावला होता की नाही याची भांडणं मी किती सोडवली असतील. मागच्या सीटवर वजन पडलं आणि पट्टा लावलेला नसला, की हा दिवा लागतो.

प्रेमसिंग राठोड तरंगच्या यार्डात गाडी पुसत होता. दारव्हा रस्त्यावरच्या तांड्यातला माणूस, पन्नाशीला आलेला, पूर्वी त्याच रस्त्यावर सवाऱ्यांची काळी-पिवळी जीप चालवायचा. मला तो ओळखत होता, त्याच्या जीपचा एक अपघात मी तपासला होता. बंटीचं नाव काढल्यावर त्याचे डोळे भरून आले. ढाब्यावर बसलो होतो हे त्यानं लगेच कबूल केलं. पाजलं का, तर ताक पाजलं. बंटी तिथं नळाखाली डोकं धरून बसला होता. पाणी डोक्यावर ओततच राहिला, दुपट्टा भिजवून मानेला गुंडाळला. प्रेमसिंगनं त्याची गंमत केली होती.

मी म्हटलं, "तुझ्या गाडीत मागं कोण होतं?"

हातातला फडका थांबला.

"मांगं? कोणी नव्हतं साहेब. नियमच तसा होता."

"सगळ्या रस्त्यात कोणी नव्हतं?"

"कोणीच नाही."

तो नजर वर करत नव्हता. बंटीबद्दल खरं बोलणारा माणूस त्याच दमात स्वतःबद्दल खोटं बोलत होता.

४

खोटं बोलणाऱ्याला खोदून विचारलं की तो आणखी खोटं बोलतो. त्यापेक्षा त्याला त्याच्या कामाला लावावं. तरंगची एजन्सी भगवानरावांची. ते मूळचे ट्रॅक्टरवाले. बैलांच्या व्हिडिओनं त्यांची झोप उडाली होती, आणि त्या चाचणीत काही काळंबेरं निघालं तर त्यांना हवंच होतं. मी गाडी मागितली, त्यांनी प्रेमसिंगसकट दिली. आम्ही दारव्ह्याच्या रस्त्याला लागलो. मी मागं बसलो. प्रेमसिंगनं न सांगता एसी लावला.

बाहेर रस्ता नुसता पांढरा पडला होता. जरा पुढं एका बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत एक म्हातारी गाठोडं घेऊन उभी होती. तिनं हात वर केला. गाडीचा वेग आपोआप उतरला. प्रेमसिंग भानावर आला, आरशात माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा वेग धरला. पुढच्या फाट्यावर एक बाप लेकराला खांद्यावर घेऊन उभा होता. पुन्हा तेच झालं.

"थांबव की," मी म्हणालो. "त्या दिवशी थांबवत होतास ना?"

त्यानं गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. मग सगळं बाहेर पडलं. सकाळी पांढरकवड्याच्या रस्त्यावर त्यानं स्वतःला फार आवरलं. पण जंगलाच्या पट्ट्यात एक बाळंतीण पोर घेऊन उन्हात उभी दिसली. तिला घेतलं आणि एकदा नियम मोडल्यावर मग तो राहिलाच नाही. मारेगावपर्यंत लोक चढत राहिले, उतरत राहिले.

"आमचा पाय आयकत नाही साहेब. हात दिसला का ब्रेकवर जाते. जीपवर आयुष्य गेलं. भाडं घेतलं नाही कोणाचं, शपथ घेऊन सांगतो. आन् दारव्ह्याले तर बाजार होता त्या दिवशी. सारा रस्ता माणसाईनं भरला होता. बाया उन्हात उभ्या होत्या, त्याईत आमच्या तांड्याच्या दोन याड्या, आमच्या मायच म्हणा. 'आव याडी' म्हटलं, बसवल्या. सामान ठेवलं मांगं. गाडी बसली तवा त्याच उतरून ढकलत होत्या."

म्हणजे बैलांमागं हसत चाललेल्या त्या बाया बघ्या नव्हत्या. त्या सवाऱ्या होत्या. सगळ्या जिल्ह्यानं त्यांना पाहिलं आणि कोणालाच प्रश्न पडला नाही, मलाही नाही.

"एवढी माणसं, एवढं सामान आणि वर एसी," मी म्हणालो. "गाडी बसणारच होती."

"एसी सारा वेळ नव्हता ना साहेब. सवारी बसली तवा लावला, उतरली का बंद केला. एकट्यासाठी कायले लावू? एसी का डायवरसाठी असते?"

मी त्याला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग फोन काढला आणि झेपचं ते चित्र लावलं. 'दारव्हा सोडताना.' निळं चिन्ह पेटलेलं आहे आणि काचेतून रस्ता दिसतो आहे. रस्त्यावर एक सायकलवाला होता. बाकी सुनसान.

"हे दारव्हाच ना?"

"दारव्हाच हाये. नाक्याचा रस्ता." प्रेमसिंगनं फोन जवळ घेतला. "पण हे त्या दिवसाचं नाही."

५

इंद्रजित पुढच्या व्हिडिओसाठी झेपच्या शोरूममध्ये येणार होता तेव्हाच मी गेलो. भगवानरावांनाही बोलावलं. येण्याआधी प्रेमसिंगला स्पष्ट सांगितलं होतं, की तू बोललास तर तुझी नोकरी जाईल. तो म्हणाला, "त्याच्या पोरीले दारुड्याची म्हणतीन ना." आणि चपला घालून निघाला. अपेक्षा आमच्याआधीच येऊन काचेच्या दाराशी उभी होती. आत बस म्हणून तिला कोणी म्हटलं नव्हतं.

आधी प्रेमसिंग बोलला. बाजाराच्या बायांपर्यंत तो आला तशी भगवानरावांची मान खाली गेली. इंद्रजित मात्र खूश दिसला. तो मला 'काका' म्हणत होता, जे मला मुळीच आवडत नाही. तो म्हणाला की म्हणजे तरंगच्या चालकानं नियम मोडला, यात आमचा काय दोष?

मी म्हणालो, त्यानं मोडला आणि आज सांगितलं. आता दुसरी गाडी घेऊ. चाचणीच्या दिवशी दारव्ह्याला बाजार होता. बैलांचा व्हिडिओ त्याला साक्षी आहे, त्यात बाजाराच्या पिशव्या आहेत. बाजार उठताना त्या नाक्यावरून गाडी काढायला घाम फुटतो. तुमच्या चित्रात तिथं चिटपाखरू नाही. नागपूरच्या माणसाला बाजाराचा दिवस पाहायची गरज वाटत नाही, त्यामुळं तुम्हाला ते कळलंही नाही. एसी चालू असलेलं चित्र दुसऱ्या दिवसाचं आहे. मग खऱ्या दिवसाचं चित्र का नाही वापरलं? त्यात एसी बंद होता म्हणून. आरशाला छागल होती, काच खाली होती, ढाब्यावर तो नळाखाली डोकं धरून बसला होता, आणि संध्याकाळी तो झोकांड्या खात उतरला. ऊन डोक्यात चढलं की माणूस असाच वागतो. त्याला तिथल्या तिथं पाण्यात भिजवायला हवं होतं. तुम्ही त्याला हार घालत होता.

सुरभी घाईनं म्हणाली, "आम्ही एसी बंद ठेव म्हणालो नव्हतो सर. खरंच नाही."

"काय म्हणाला होतात?"

"एवढंच, की गाडी जपून चालव. चार्ज उरला पाहिजे."

ती खोटं बोलत नव्हती. तेच तर या सगळ्यात वाईट होतं. मी खुनी शोधत आलो होतो आणि कोणी हुकूमच दिला नव्हता. एकेकाला विचारत गेलो तसं उलगडलं. एसी चालू ठेवायचा नियम इंद्रजितनं दोन्ही कंपन्यांना ईमेलवर पाठवला होता. कंपन्यांनी शोरूमला पाठवला. शोरूमनं ड्रायव्हरला सांगितलं नाही, कारण गाडीत एसी असला की माणूस तो लावणारच, हे एसीत बसणाऱ्याला सांगावं लागत नाही. बंटीनं आयुष्यभर मालकांच्या गाड्या चालवल्या. मालक उतरले की एसी बंद, नाही तर डिझेलचा हिशेब द्या, हे त्याच्या अंगात मुरलेलं. मागं कोणी नव्हतं म्हणून त्यानं बटणाला हातच लावला नाही. प्रेमसिंगलाही तीच सवय. फरक इतकाच, की तो जीपवाला होता म्हणून रस्त्यावरच्या हाताला थांबला, आणि बंटी भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर होता, वाटेत सवारी घेणं त्याला पाप वाटायचं. एक गाडी माणसांनी भरलेली आणि थंड, दुसरी रिकामी आणि भट्टी झालेली. यातून झेप सरस की तरंग हे कोणाला कळणार होतं? गाड्यांची तुलना झालीच नव्हती. तरी तिचं पानभर गुणपत्रक छापून आलं.

इंद्रजितनं फोन खिशात टाकला. आता तो मला काका म्हणेना.

"एडिटिंगला बसलो तेव्हा मला दिसलं," तो म्हणाला. "सगळ्या फुटेजमध्ये एसी बंद. तोवर तो गेलेला होता. आधी तालमीला शूट केलेलं चित्र होतं, ते लावलं. पान ठरलेलं होतं, जाहिरात ठरलेली होती. चाचणी रद्द करून तो परत आला असता का?"

"आणि स्वेटरची ओळ? ती तो गेल्यावर लिहिलीस?"

"नाही हो." त्याला या प्रश्नाचा खरोखर राग आला. "तो मजकूर चाचणीच्या आधीच लिहून तयार होता."

दाराशी उभी असलेली अपेक्षा हळूच पुढं आली. तिनं इंद्रजितला फक्त इतकंच विचारलं, की त्या फुटेजमध्ये बंटी बोलतो का. आवाज आहे का?

आहे, तो म्हणाला. पण बोलत काही नाही. शेवटी शेवटी गाणं म्हणतो. तेही मध्येच विसरतो.

६

पुढच्या रविवारी 'वेध'नं खुलासा छापला. आतल्या पानावर, निविदांच्या खाली. चाचणीच्या वृत्तांतात तांत्रिक चुकीनं दुसऱ्या दिवसाचं दृश्य वापरलं गेलं. चालकानं मद्यप्राशन केल्याचा उल्लेख निराधार होता. चालकानं स्वतःच्या मर्जीनं वातानुकूलन यंत्रणा बंद ठेवली होती. अंतिम निकालात बदल नाही. पहिल्या पानावर झेपची जाहिरात होती, वर ठळक अक्षरात 'विदर्भाच्या उन्हात सिद्ध झालेली'.

भगवानरावांनी प्रेमसिंगला काढलं. त्यांना वाईट वाटत होतं, हे त्यांनीही मला दोनदा सांगितलं. कंपनीनं ठपका ठेवायला कोणाचं तरी नाव मागितलं होतं.

खुलाशाचं कात्रण मी अपेक्षाकडं घेऊन गेलो. मोर्च्यातल्या दोघीतिघी तिच्या ओसरीवर येऊन बसल्या होत्या. अपेक्षानं कात्रण वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पोरगी आत अभ्यासाला बसलेली होती तिच्याकडं पाहून आवाज खाली आणला.

"दारुड्याचं नाव गेलं काका. आता येड्याचं लागलं. स्वतःच्या मर्जीनं म्हणे." ती कात्रणाच्या घड्या घालत राहिली. "एकदा नागपूरची रिकामी गाडी घेऊन येत होता, तवा आमाले दोघीले बसवलं होतं त्यानं. एसी इतका लावला का पोरगी कुडकुडली. मी म्हटलं, बंद कर ना. तर म्हणे, नाही, आज तुम्ही सवारी हाये. घरी उतरलो आन् लगेच बंद केला. मी पाह्यलं होतं. मले तवा काही वाटलं नाही."

मी तिला तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. असल्या उत्तरानं तिचं काय भलं झालं, ते मला आजही सांगता येत नाही. मला फार संताप येत होता आणि तो नेमका कोणावर काढावा हे कळत नव्हतं.

बाहेर प्रेमसिंग थांबला होता. गाडी भगवानरावांकडं परत द्यायचा तो त्याचा शेवटचा फेरा होता, जाता जाता मला घरी सोडतो म्हणाला. दुपार कलली होती तरी झळा चालूच होत्या. मी बसताच त्यानं एसी वाढवला. वाटेत मी त्याला चांगला दम भरला. म्हणालो, हे बघ, एकटा असलास तरी यापुढं एसी लावायचा. गाडी कोणाचीही असो. बंटीचं पाहिलंस ना? त्यानं मान हलवली. अगदी मनापासून हलवली, डोळे पुसले आणि म्हणाला, "लावतो ना साहेब. आता लावतोच."

माझ्या दाराशी मी उतरलो. दार लावून घेतलं आणि फाटकाशी वळून पाहिलं. गाडी कोपऱ्यापर्यंतही गेली नव्हती. चालकाच्या बाजूची काच खाली येत होती. प्रेमसिंगनं भिजवलेला दुपट्टा मानेला गुंडाळला आणि कोपर बाहेर काढून तो निघून गेला.